सुतासाठी बांधलेल्या गिरणीत घर घ्यायचं तर

प्रश्न असा आहे: "आम्ही मूळचे पुण्याचे, दोघंही आयटीत, मँचेस्टरला पाच वर्षं झाली. अँकोट्समधल्या एका जुन्या कापडगिरणीत केलेलं दोन बेडरूमचं लॉफ्ट आवडलंय. तिसरा मजला, विटांच्या कमानींचं छत, लोखंडी खांब, माणसापेक्षा उंच खिडक्या. सांगितलेली किंमत ३,२०,००० पौंड, लीज २००४ पासून १२५ वर्षांची, सर्व्हिस चार्ज वर्षाला ४,२०० पौंड. घ्यावं का? काय काय तपासावं? आणि मुलीच्या खोलीत फार अंधार वाटतो, तिथल्या उघड्या विटांना रंग लावता येईल का?"

आधी तुमच्या शब्दाचीच गंमत सांगते. आपल्याकडे लॉफ्ट म्हणजे न्हाणीघराच्या डोक्यावरचा माळा. गणपतीचं मखर, रुखवतातली पितळी घागर, कुणीतरी आहेरात दिलेला आणि कधीच न उघडलेला डिनर सेट जिथे वर्षानुवर्षं पडून असतो ती जागा. माझी आई अजून विचारते, "पोटमाळ्यावर राहायला लोक इतके पैसे का मोजतात गं?" तिचं अगदीच चुकत नाही. न्यूयॉर्कच्या सोहो भागात १९६० च्या दशकात चित्रकार-शिल्पकार रिकाम्या गोदामांत राहायला गेले ते जागा स्वस्त नि मोठी म्हणून. थंडीत ऊब धड नाही, आणि तिथे राहणं कायद्यात बसतही नव्हतं. १९७१ मध्ये शहरानं कलाकारांपुरती परवानगी दिली, पुढे त्यांच्यामागोमाग वकील आणि बँकवाले आले, आणि नाइलाजाची चैन झाली.

मी इथे इमारतींची सर्व्हेअर म्हणून २२ वर्षं काम करते, त्यातली बरीचशी जुन्या गिरण्यांत आणि गोदामांत गेली. जन्म लालबागचा. वडील गिरणीत साचेखात्यात होते, १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तोपर्यंत. अँकोट्समधल्या एका गिरणीच्या तळमजल्यावर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा तिथले खांब बघून पोटात कालवलं. बाबांचा डबा घेऊन गेले की खात्याच्या दारातून दिसायचे, ते हेच खांब. त्यात योगायोग फारसा नव्हता. मुंबईच्या गिरण्यांची यंत्रं मोठ्या संख्येनं लँकेशायरहून यायची, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची तर ठिकठिकाणी होती, आणि यंत्रांबरोबर इमारत बांधायची रीतही आली होती.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर "घ्या" असंच आहे, फक्त घर बघून घेऊ नका, गिरणी बघून घ्या. या इमारती सुतासाठी बांधलेल्या होत्या. खिडक्या मोठ्या, कारण तुटलेला धागा कामगाराला दिसला पाहिजे. जमिनी भक्कम, कारण त्यांच्यावर यंत्रं हादरत उभी असायची. आतली हवा मुद्दाम उबदार आणि दमट ठेवायचे, कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून. तुम्हाला या घरात जे आवडलं आणि उद्या ज्याचा त्रास होईल, त्या दोन्हींची मुळं याच गरजांत आहेत. एजंट पहिली बाजू दाखवेल, दुसरी मी सांगते.

पहिलं म्हणजे तुमची गिरणी कुठल्या पिढीतली आहे ते ओळखा. एक रविवार काढून अँकोट्सच्या रेडहिल स्ट्रीटवर कालव्याच्या कडेनं चाला, तीनही पिढ्या ओळीनं उभ्या आहेत. मरेज मिल्समधली सर्वांत जुनी इमारत १७९८ ची: बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या खांबांवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्यांची जमीन. शेजारची सेजविक मिल १८१८ ते १८२० मधली: बीडाच्याच खांबांवर बीडाच्या तुळया आणि दोन तुळयांच्या मधे विटांची बुटकी कमान, म्हणजे लाकूड जवळजवळ नाहीच. कापसाचा भुसा आणि यंत्रांचं तेल मुरलेल्या लाकडी गिरण्या काडेपेटीसारख्या पेटायच्या, त्यावर काढलेला हा उपाय. आणि तिसरी रॉयल मिल, १९१२ ची, पोलाद आणि काँक्रीटची. तुम्ही वर्णन केलंय ते दुसऱ्या पिढीचं घर दिसतंय, आणि माझ्या मते तिन्हींत राहायला तीच बरी. का ते पुढे येईलच.

 बीड दाबाला राक्षसासारखं उभं राहतं, ताणाला मात्र काचेसारखं तडकतं. म्हणून खांबांची मला फारशी काळजी नसते, तुळयांची असते. कमानी दोन्ही बाजूंना रेटा देतात. तो रेटा सांभाळायला एका तुळईपासून दुसऱ्या तुळईपर्यंत घडीव लोखंडाच्या सळ्या टाकलेल्या असतात. छताखाली आडव्या जाणाऱ्या, बोटाएवढ्या किंवा थोड्या जाड सळ्या दिसल्या तर त्या शोभेच्या नाहीत. गिरणीची घरं करताना पाइप आणि हवेच्या नळ्या न्यायला कुणीतरी मधली एखादी सळी कापून टाकलेली मी स्वतः पाहिली आहे. तिथल्या घरमालकिणीला तो कापलेला तुकडा टॉवेल वाळत घालायला सोयीचा वाटत होता. तुमच्या सर्व्हेअरला सळ्या मोजायला सांगा. कमानीच्या माथ्यावरून तुळईला समांतर जाणारी चीर दिसली तर तिच्या कडा बघा: कडांवर जुना रंग किंवा धूळ बसलेली असेल तर ती बहुधा जुनी आणि निवांत आहे, कडा ताज्या आणि धारदार असतील तर इंजिनीअर बोलवा. आणि खांबाला भोक पाडणं, वेल्डिंग करणं, टीव्ही टांगणं, यातलं काहीही करू नका. बीडाला वेल्डिंगची उष्णता सोसत नाही, तडा जातो.

आता आवाज. कमानीच्या वर राख, वाळू, विटांचे तुकडे असली भर टाकून त्यावर जमीन केलेली असते. एवढं वजन असल्यावर वरच्यांचं बोलणं, टीव्ही, भांडण खाली सहसा येत नाही. लाकडी जमिनीच्या गिरणीत वरच्यानं मोजे घालून पाणी प्यायला गेलं तरी खालच्याला कळतं, म्हणूनच मी दुसऱ्या पिढीला झुकतं माप देते. पण आवाज भिंतीतून येण्यापेक्षा फटींतून येतो. जुन्या जमिनीत पाइपांसाठी जी भोकं पाडली ती नीट बुजवली का, हा खरा प्रश्न. इथल्या बांधकाम नियमांचा आवाजाविषयीचा भाग २००३ मध्ये कडक झाला. रूपांतरित इमारतीत दोन घरांमधल्या भिंतीनं आणि जमिनीनं हवेतून येणारा किमान ४३ डेसिबल आवाज अडवला पाहिजे, आणि पावलांचा ६४ डेसिबलहून जास्त आवाज खालच्या घरात जाता कामा नये. नव्या इमारतींना हेच आकडे ४५ आणि ६२ आहेत, म्हणजे जुन्यांना थोडी सूट आहे. तुमची लीज २००४ पासूनची म्हणजे काम अगदी त्या सीमेवरचं. परवानगी जुन्या नियमांखाली घेतली की नव्या, हे सॉलिसिटरला विचारायला लावा, आणि आवाजाच्या चाचणीचा अहवाल असेल तर मागा. नसेल तर सोपा उपाय: शनिवारी रात्री नऊला घर पुन्हा बघायची वेळ मागा. एजंट कुरकुरेल. मागाच.

थंडीचं गणित तुम्ही स्वतः करू शकता. ८० चौरस मीटरचं घर आणि २.४ मीटर उंचीचं छत असेल तर आत १९२ घनमीटर हवा. छत ४ मीटरवर गेलं की ३२० घनमीटर, म्हणजे दीडपटीहून जास्त, आणि गरम झालेली हवा वर कमानीत जाऊन बसणार. त्यात त्या सुंदर खिडक्या. एकेरी काचेतून चांगल्या आधुनिक दुहेरी काचेच्या तिप्पटीहून जास्त उष्णता बाहेर जाते. लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून संरक्षित इमारतीत मूळ खिडकी काढून नवी बसवायला परवानगी मिळणं कठीण. त्यामुळे आतल्या बाजूनं दुसरी वेगळी काचेची चौकट बसवणं हाच व्यवहारी मार्ग, आणि तेही आधी काउन्सिलच्या संवर्धन अधिकाऱ्याला विचारून. विक्रेत्याकडून डिसेंबर ते फेब्रुवारीची विजेची बिलं मागा. अशा बऱ्याच इमारतींत गॅस घरात घेतलेलाच नसतो, सगळं विजेवर.

या सगळ्यापेक्षा ज्यानं मला रात्री जाग येते ते म्हणजे पाणी.

जुन्या विटेची भिंत चुन्यात बांधलेली असते. पाऊस पडला की ती थोडं पाणी पिते, वारा लागला की विटांमधल्या दरजांतल्या चुन्यातून ते सोडून देते. आपल्या वाड्यांच्या भिंती हेच करायच्या. विसाव्या शतकात कुणीतरी शहाणपणा केला आणि ठिकठिकाणी चुन्याच्या दरजा खरवडून त्यात सिमेंट भरलं. सिमेंट श्वास घेत नाही. मग पाण्याला बाहेर पडायला वीटच उरते. थंडीत ते पाणी विटेच्या आत गोठतं, फुगतं, आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटून पडतो. बाहेरून भिंत बघाल तेव्हा दरजा विटेच्या पुढे आलेल्या आणि विटा आत खचलेल्या दिसल्या, तर समजा सिमेंटनं काम केलंय. आतून त्याची खूण म्हणजे लोणा, आपण म्हणतो तोच, पांढरी भुकटी. एजंट त्याला जुन्या भिंतीचं सौंदर्य म्हणेल.

आणि पन्हळी. गिरण्यांना बहुधा कठडा असतो आणि त्याच्यामागे, रस्त्यावरून न दिसणारी, शिशाच्या पत्र्याची पन्हळ. ती पानांनी, कबुतरांच्या घाणीनं तुंबते आणि पाणी भिंतीत उतरतं. आपल्याकडे भिंतीच्या फटीत पिंपळ उगवतो तसं इथे बडलिया नावाचं जांभळ्या तुऱ्यांचं झुडूप उगवतं. कठड्यावर बडलिया दिसला की मी मनात आकडेमोड सुरू करते. इथे मला कबुली दिली पाहिजे. २००६ मध्ये मी स्वतः एका गोदामात सर्वांत वरच्या मजल्यावरचं घर घेतलं. लाकडी तुळया, तिरकं छत, खाली कालवा. दुसऱ्यांची घरं तपासून पैसे कमावणारी बाई, पण त्या दिवशी खिडकीतून ऊन आलं आणि मी वर बघितलंच नाही. कठड्यावर बडलिया होता. दीड वर्षानं व्यवस्थापन कंपनीचं पत्र आलं: पन्हळ कित्येक वर्षं गळत होती, भिंतीत घुसलेली तुळयांची टोकं कुजली होती, चार तुळयांची टोकं कापून नवं लाकूड जोडावं लागणार. माझा वाटा ९,५०० पौंड. माझ्या घरातली एकही तुळई त्यात नव्हती. पण लीजमध्ये लिहिलं होतं की इमारतीच्या खर्चात सगळे वाटेकरी, आणि ते मी सही करताना वाचलं होतं.

तर घर बघायला पावसात जा. मँचेस्टरमध्ये त्यासाठी फार वाट बघावी लागत नाही. आत जायच्या आधी रस्त्याच्या पलीकडे दहा मिनिटं उभं राहून छपराकडे बघा, पाणी कुठून ओघळतंय, भिंतीवर हिरवा पट्टा कुठे आहे. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आहात, छपराखाली नाही. गळती तुमच्या डोक्यावर येणार नाही, खिशावर येईल.

रॉयल मिलच्या पिढीतल्या, म्हणजे साधारण १९०० ते १९३० मधल्या पोलादी सांगाड्याच्या इमारतींचा आजार वेगळा आहे, तो दोन ओळींत सांगून ठेवते, कारण तुम्ही कदाचित दुसरी घरंही बघत असाल. व्हिटवर्थ स्ट्रीटवर कापडाच्या गाठी बांधून जहाजांकडे पाठवायची भव्य गोदामं आहेत, त्यातल्या एकाचं नावच इंडिया हाउस, १९०६ चं. त्या काळच्या अशा इमारतींत पोलाद सरळ विटेत किंवा टेराकोटात गाडलेलं असतं. पाणी पोचलं की ते गंजतं, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो आणि समोरचा टेराकोटा फोडून बाहेर येतो. कोपऱ्यांवर सरळ उभी चीर दिसली तर तिथे थांबा.

आता कागद. इथे घर विकत घेतलं म्हणजे भिंती तुमच्या झाल्या असं होत नाही, हे आपल्या लोकांना पचायला वेळ लागतो. लीजमध्ये तुमच्या मालकीत नेमकं काय येतं त्याची व्याख्या असते. बहुतेक वेळा गिलाव्यापासून आतलं तुमचं, आणि विटा, कमानी, खांब फ्रीहोल्डरचे, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाचे. मग जिथे गिलावाच नाही, तुम्ही ज्यासाठी जास्तीचे पैसे मोजताय ती उघडी वीट, ती कुणाची? बहुधा तुमची नाही. खिडकीचं तर असं असतं की काच तुमची, चौकट त्यांची, किंवा उलटं. ती ओळ शोधा आणि सॉलिसिटरकडून तिचा अर्थ लेखी घ्या. लीजची १०० च्या वर वर्षं उरली आहेत, ते ठीक. ती ८० च्या खाली गेली की वाढवून घेणं आजवर महाग पडत आलंय. २०२४ च्या कायद्यानं यात बरेच बदल ठरवले, पण त्यातली सगळी कलमं एकदम लागू झालेली नाहीत, त्यामुळे त्यांच्या भरवशावर कमी वर्षांची लीज घेऊ नका. ग्राउंड रेंट, म्हणजे जमिनीचं वार्षिक भाडं, किती आणि तो दर काही वर्षांनी दुप्पट होतो का ते बघा. ३० जून २०२२ नंतरच्या नव्या लीजवर तो जवळपास रद्द झाला, तुमची जुनी आहे.

सर्व्हिस चार्ज ४,२०० पौंड म्हणजे महिना ३५०. लोक या आकड्यानं दचकतात. मी उलट, फार कमी आकड्यानं दचकते. दोनशे वर्षांच्या गिरणीचं छप्पर, लिफ्ट, विमा हे सगळं स्वस्तात होत असेल तर काहीतरी होत नाहीये. विमाच घ्या: लिस्टेड इमारत पुन्हा तशीच उभारायचा खर्च धरून तो काढतात, आणि तो साध्या इमारतीच्या मानानं भरमसाठ येतो. म्हणून आकडा बाजूला ठेवून मागची तीन वर्षांची हिशेबपत्रकं मागा, राखीव निधीत शिल्लक किती ते बघा, आणि पुढच्या दहा वर्षांच्या दुरुस्तीचा आराखडा आहे का विचारा. एका घरामागे २५० पौंडांहून जास्त खर्च येणारं काम काढायचं तर १९८५ च्या कायद्याच्या कलम २० प्रमाणे आधी रहिवाशांना नोटीस देऊन मत विचारावं लागतं. अशी नोटीस निघाली आहे किंवा निघणार आहे का, हे लेखी उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नका. निघाली असेल तर ती रक्कम किमतीतून वजा करून मागायची.

आगीबद्दल. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ मध्ये लागलेल्या आगीनंतर सगळ्यांचं लक्ष क्लॅडिंगवर, म्हणजे भिंतीला बाहेरून चढवलेल्या आवरणावर असतं. विटेच्या गिरणीला बहुधा क्लॅडिंग नसतं, पण घरं करताना छतावर चढवलेला एखादा नवा मजला असेल तर त्याला असू शकतं. किमान १८ मीटर उंच किंवा किमान सात मजल्यांची इमारत जास्त जोखमीच्या यादीत येते आणि तिला वेगळे, खर्चिक नियम लागतात. २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्यानं लीजधारकांना असे दोष दुरुस्त करायच्या खर्चापासून संरक्षण दिलंय. तुमच्या आधीच्या मालकाची लीज १४ फेब्रुवारी २०२२ ला त्यासाठी पात्र होती का, याचं प्रमाणपत्र त्यांच्याकडून घ्या, कारण ते संरक्षण लीजबरोबर तुमच्याकडे येतं. पण त्यातली मेख लक्षात ठेवा. ते २८ जून १९९२ नंतरच्या तीस वर्षांत झालेल्या कामांतल्या दोषांना लागू आहे. २००४ च्या रूपांतरात कुणी भिंतीतली आगरोधक भर विसरलं असेल तर ते त्यात बसेल. १८२० च्या तुळईला तडा गेला तर नाही.

घरात मधे माळा टाकून वर झोपायची जागा केली असेल, आणि उतरून स्वयंपाकघरातूनच दाराकडे जावं लागत असेल, तर आग ओट्यावर लागल्यास वरचा माणूस अडकतो. अशा घराला पाण्याच्या फवाऱ्याची सोय किंवा आग-इंजिनीअरचा अहवाल असायला हवा. तो बघा. जुन्या खोल गिरण्यांत मधला भाग खिडकीपासून लांब पडतो, म्हणून बिल्डर तिथे बाथरूम टाकतात आणि उरलेल्या अंधाऱ्या जागेला बेडरूम म्हणतात. तुमच्या मुलीची खोली तीच आहे की काय, अशी मला शंका येतेय. त्या खोलीला बाहेर उघडणारी स्वतःची खिडकी आहे का? नसेल तर ती झोपायची खोली धरू नका आणि दोन बेडरूमचे पैसेही देऊ नका.

स्वयंपाकघराचं कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. अशा घरांत ओटा बैठकीतच असतो, आणि धूर बाहेर टाकणारा पंखा बहुतेक नसतोच. भिंतीला नवं भोक पाडायचं तर लिस्टेड इमारतीची परवानगी लागते, ती सहजी मिळत नाही. मग कोळशाच्या फिल्टरचा पंखा हवा शोषतो आणि तीच हवा घरात परत सोडतो. आपली मोहरी-हिंगाची फोडणी, आठवड्यातून एकदा मासे, आणि समोर तेल पिणारी उघडी वीट. ओट्यामागे काच किंवा फरशी बसवा, फिल्टर दर दोन-तीन महिन्यांनी बदला, आणि बोंबील तळायचे तर ज्यांच्या घराला बाग आहे अशा मित्राकडे जा. मी हेच करते.

लिस्टेड म्हणजे काय, एवढं बोलून घेते. इमारत दर्जा दोनची असो की दोन-तारांकित, संरक्षण आतल्या बाजूलाही असतं, फक्त दर्शनी भागाला नाही. परवानगीशिवाय बदल करणं इथे गुन्हा आहे. आधीच्या मालकानं केलेल्या बदलासाठी तुमच्यावर खटला होत नाही, पण ते पूर्ववत करा अशी नोटीस सध्याच्या मालकावर निघू शकते, आणि त्याला मुदतीची मर्यादा नाही. म्हणून आतला माळा, हलवलेल्या भिंती, बदललेल्या खिडक्या, प्रत्येकाची परवानगी काउन्सिलच्या नोंदीत आहे का ते एकेक करून जुळवा. सर्व्हे तीन नंबरचा, म्हणजे सर्वांत सविस्तर, आणि ज्यानं चुन्याच्या भिंतींवर काम केलंय अशाकडूनच करून घ्या. बँकेचा माणूस येऊन जातो तो बँकेसाठी असतो.

लालबाग-परळच्या गिरण्यांची अशी घरं का झाली नाहीत, असं इथले मराठी लोक मला नेहमी विचारतात. अँकोट्समध्ये गिरण्या बंद पडल्या तेव्हा जमिनीला भावच नव्हता. कित्येक वर्षं त्या ओस पडून राहिल्या, कबुतरं राहिली, आणि मग इमारत दुरुस्त करणं हाच स्वस्त मार्ग ठरला. मुंबईत इमारतीपेक्षा खालच्या जमिनीला सोन्याचा भाव होता. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे महापालिका, म्हाडा आणि मालक असे वाटे ठरले होते. २००१ च्या बदलानं ते फक्त मोकळ्या जमिनीपुरते उरले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो बदल टिकला. पाडून टॉवर बांधण्यातच पैसा होता. बाबांच्या गिरणीची चिमणी तेवढी बरीच वर्षं उभी होती.

तुमच्या व्यवहारात मी अशी पावलं टाकेन: आधी हिशेबपत्रकं, कलम २० चं उत्तर आणि आगीची कागदपत्रं, ती ठीक आली तरच सर्व्हेवर पैसे खर्च करायचे, आणि सर्व्हेत छप्पर-पन्हळीबद्दल काही निघालं तर किंमत खाली आणायची. कमानीचं घर, मधला मजला, शंभरच्या वर वर्षांची लीज, हा पाया चांगला आहे. मुलीच्या खोलीला खिडकी नसेल तर मात्र मी दुसरं घर बघेन.

आणि खिडकी असूनही अंधार असेल तर विटांच्या रंगाबद्दल. उघडी लाल वीट हे गिरणीचं मूळ रूप आहे असं सगळ्यांना वाटतं. १८०२ च्या कायद्यानंच गिरणीच्या खोल्या वर्षातून दोनदा चुन्यानं धुऊन काढायचं बंधन घातलं होतं, आरोग्यासाठी, आणि उजेडासाठीही ते बरंच होतं. ज्या भिंतींपुढे सूत कातलं जात होतं त्या पांढऱ्या असायच्या. नंतर घरं करताना कुणीतरी वाळूचा मारा करून तो सगळा चुना उडवला, अनेकदा विटेची भाजलेली कातडीही त्याबरोबर गेली. तुमच्या भिंतीवर हात फिरवा: लाल भुकटी हाताला लागली तर तिथे तेच झालंय. प्लास्टिक रंग अजिबात लावू नका, ओल आत कोंडते. चुन्याची सफेदी लावता येते, ती भिंतीला श्वास घेऊ देते आणि भुकटीही धरून ठेवते. फ्रीहोल्डरची लेखी संमती घ्या, संवर्धन अधिकाऱ्याला मेल करा, त्यात जुन्या सफेदीचे अवशेष कोपऱ्यात किंवा खांबामागे उरले असतील तर त्यांचे फोटो जोडा. ते बहुतेक सापडतातच, खाली वाकून टॉर्च मारावा लागतो. पहिला हात पातळ द्या, भिंत आधी ओली करून, आणि ओली असताना सफेदी अगदीच फिकी, पारदर्शक दिसेल तेव्हा घाबरू नका. वाळली की उजळते.